हाइडमधून पक्ष्यांचे फोटो: त्रास नेमका कधी होतो?

फोंड्याच्या एका तरुणाने मला जे विचारलं आहे, ते आधी थोडक्यात सांगते. फेब्रुवारीत तो गोव्यातच मोलेच्या बाजूला एका खासगी हाइडमध्ये, म्हणजे पक्ष्यांचे फोटो काढायला बसण्याच्या आडोशात, पहिल्यांदाच बसला. नवी १५०-६००ची लेन्स आणि सोबत पाच अनोळखी माणसं. साडेनऊच्या सुमाराला समोरच्या पाण्याच्या टाक्यावर पक्ष्यांची चांगली गर्दी जमलेली असताना त्यांतला एक जण ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणत पडदा सारून बाहेर पडला. क्षणात सगळं टाकं रिकामं. मग आत कुजबुज, कुजबुजीची बाचाबाची, ‘मीही पैसे भरलेत’ वगैरे. घरी आल्यावर ओळखीतल्या एका जुन्या पक्षीनिरीक्षकाने वेगळंच सुनावलं: हाइड म्हणजे पक्ष्यांचा छळच, त्यापेक्षा रानात चालत जावं. आता चूक कुणाची आणि बरोबर काय, हे त्याला कळेना. त्यात आणखी एक. सावईवेऱ्यात त्याच्या काकांचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे. तिथे पाण्याचं टाकं मांडून एक हाइड उभं करावं असं घरात चाललंय. ते करावं का?

मी डिचोलीची. नोकरी सांभाळून एकवीस वर्षं हे करते आहे. दुसऱ्यांच्या हाइडमध्ये बसले, काही हाइड उभी करायला हातभार लावला, आणि एक बंद करा म्हणून मालकाशी भांडलेही आहे.

आधी त्या छळाच्या आरोपाचं बघू. चालण्याने त्रास कमी होतो, हे मला मान्य नाही. तांबडी सुर्लाच्या देवळाजवळच्या वाटेने सहा माणसं चालायला लागली की पुढचं रान गप्प होत जातं. सातभाई कलकलाट करतात, भृंगराज त्यांची नक्कल करून त्यात भर घालतो, आणि जमिनीवर पाला उलटत असलेला कस्तूर कधीच आत सटकलेला असतो. तुम्हाला तो दिसलाच नाही, म्हणून तुम्ही त्याला उडवलंत हेही तुम्हाला कळत नाही. तीच सहा माणसं उजाडण्याआधी येऊन एका जागी गप्प बसली तर रान अर्ध्या तासात त्यांना विसरतं. इथवर हाइड सरस.

पण चालणारा माणूस दहा मिनिटांत पुढे निघून जातो. हाइड जात नाही. ते रोज तिथेच असतं, आणि मुद्दाम अशा जागी असतं जिथे पक्ष्याला यावंच लागतं: मार्च-एप्रिलमधलं पाणी, फळाला आलेलं वडा-पिंपळाचं झाड. ज्याला दुसरीकडे जाण्याची सोय नाही त्याच्यासमोर आपण खुर्ची मांडून बसतो. तुमच्या जुन्या पक्षीनिरीक्षकाच्या रागात एवढं तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही.

पक्षी घाबरतो कशाला, हे पाहायचं असेल तर करमळीच्या तळ्यावर जा. कोकण रेल्वे तळ्याला लागूनच जाते. गाडी धडधडत गेली तरी पाण्यावरच्या अडया, म्हणजे रानबदकं, मान वर करत नाहीत. बांधावर मात्र एकच माणूस येऊन उभा राहिला आणि त्याने दुर्बीण डोळ्याला लावली, की शिट्या घालत अख्खा थवा वर. गाडी रोजची, रुळावरून येणार आणि रुळावरूनच जाणार. माणूस कुठे वळेल, कधी थांबेल, काही नेम नाही. आणि थांबून रोखून बघणारा तर शिकारीच. म्हणून रस्त्याच्या कडेला मोटार उभी करून, काच खाली करून काढलेले फोटो उत्तम येतात. मोटार हे सगळ्यांत स्वस्त हाइड. दार उघडलंत की संपलं.

इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हे नेमकं ओळखलं होतं. त्यांनी चक्क एक पोकळ बैल करवून घेतला. कातडं खऱ्या बैलाचं आणि पोटात कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस. बैल कुरणात उभा आहे म्हटल्यावर पाखरांना काही वाटलं नाही. आतल्या माणसाला काय वाटत असेल ते एप्रिलमध्ये पत्र्याच्या हाइडात बसलेल्यांनी ओळखावं.

म्हणजे हाइड तुम्हाला अदृश्य करत नाही. तुमचा माणसाचा आकार आणि तुमच्या हालचाली तेवढ्या ते झाकतं. हाइड तिथे आहे हे पक्ष्याला पक्कं ठाऊक असतं. त्यात माणूस आहे हे त्याला कळतं ते दोन वेळा: तुम्ही शिरता तेव्हा आणि निघता तेव्हा. माझ्या हिशेबात हाइडमधला निम्म्याहून जास्त त्रास या दोन क्षणांत होतो. बाकीच्या शिष्टाचारांवर लोक तासन्‌तास बोलतात, याबद्दल कुणी बोलत नाही.

शिरायचं ते अंधारात. फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास वर येतो, म्हणजे सव्वासहाला तुम्ही आत, बॅगा उघडून झालेल्या, ट्रायपॉड लावून झालेला. ‘आम्ही पणजीहून येतो, साडेसात होतील’ म्हणणाऱ्यांनी दुपारच्या पाळीला यावं. उशिरा यायची वेळ आलीच तर जुनी युक्ती करावी. हाइडपर्यंत दोघांनी जायचं, एकाने आत राहायचं आणि दुसऱ्याने उघडपणे, दिसेल असं परत जायचं. बऱ्याच पक्ष्यांना दोनातून एक वजा करता येत नाही. माणूस आला आणि गेला, एवढाच त्यांचा हिशेब. कावळ्यांपुढे मात्र हा डाव चालेलच असं नाही.

निघायचं ते टाकं आपणहून रिकामं झाल्यावर. पाण्यावर पक्षी असताना उठायचं नाही, मग तो साधा बुलबुल का असेना. उडालेला बुलबुल ओरडतो आणि त्या ओरडण्यावर मागे झुडपात थांबलेला नवरंगही फिरतो. नवरंग तुम्हाला दिसला नव्हता, पण तो तासभर वाट बघत होता. अंघोळ करून चिंब झालेला पक्षी नीट उडू शकत नाही, हेही लक्षात घ्या. पिसं ओली असताना त्याला घाईने उडवलंत आणि वर शिक्रा हा शिकारी पक्षी बसलेला असला, तर मग पुढचं सांगायला नको. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी, उजेड जवळजवळ गेलेला असताना, काही लाजाळू पक्षी पाण्यावर येतात. फोटोग्राफर तेव्हाच कुलपं काढल्यासारखे सुटतात: झिपा, खुर्च्या, ‘चला चला, चहा मिळेल का’. खरं तर ती पंधरा-वीस मिनिटं त्यांची. फोटो येणार नाही हे मान्य करून गप्प बसावं आणि पूर्ण अंधार पडला की निघावं.

त्या पाय मोकळे करणाऱ्या माणसाकडे आता येते. त्याची चूक होतीच, पण अर्धी मालकाची. ज्या हाइडला मागचं दार नाही, आणि त्या दारापासून रस्त्यापर्यंत आडोसा नाही, ते हाइड अर्धवट बांधलेलं आहे. बायकांना हे चांगलं कळतं. सहा-सहा तास बसायचं आणि स्वच्छतागृह दीडशे मीटरवर, उघड्या जागेतून. पाणी कमी प्या असा सल्ला अनेक ‘सर’ देतात. एप्रिलच्या उकाड्यात मी तो कुणाला देणार नाही. विणलेल्या चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, खांद्याच्या वर जाणारी भिंत मागच्या बाजूने काढली तर खर्च नगण्य आणि उठणारा माणूस पाण्यावरच्या पक्ष्याला दिसत नाही. शिवाय एक सुट्टीची वेळ ठरवलेली असावी, समजा साडेअकरा. सगळे एकदम बाहेर, सगळे एकदम आत. सहा जण सहा वेळा उठले तर टाकं सहा वेळा रिकामं होतं, एकदम उठले तर एकदाच.

आता माझी एक गोष्ट. सांगायला बरी वाटत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, सत्तरी तालुक्यातल्या एका रस्त्याकडेच्या दरडीत तिबोटी खंड्याचं बीळ मला सापडलं. मुठीत मावेल एवढा पक्षी, जांभळा-नारिंगी, पावसाळ्यात विणीला आपल्याकडे दिसतो. मी नवाच घेतलेला कापडी तंबू बिळापासून सात-आठ मीटरवर लावला आणि आत बसले. थोड्या वेळाने तो आला. चोचीत सापसुरळीचं पिल्लू. समोरच्या वेलीवर बसला आणि बसूनच राहिला. पाऊस थांबलेला, मागे हिरवी धूसर भिंत, पक्षी हलत नाही. मी दोनशेच्या वर फोटो काढले. किती निवांत मॉडेल मिळालं, असं वाटत होतं. रात्री संगणकावर फोटो बघताना एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक फोटोत सापसुरळीचं डोकं चोचीच्या बाहेरच्या बाजूला होतं. खंड्या स्वतः खाणार असेल तर भक्ष्याचं डोकं आत धरतो, म्हणजे गिळताना अडकत नाही. डोकं बाहेर धरलं म्हणजे ते दुसऱ्याला भरवायचं आहे. मग मी फोटोंच्या वेळा बघितल्या. पहिला ८:१२, शेवटचा ८:४७. पस्तीस मिनिटं तो पिल्लांचा घास तोंडात धरून बसला होता, कारण काल नव्हता असा एक तंबू आज त्याच्या दारासमोर उभा होता. शेवटी तो बिळात न जाताच उडाला. फोटो सुंदर आहेत. मी ते कुणाला दाखवत नाही.

त्यानंतर घरट्यासमोर मी कधी हाइड लावलेलं नाही, आणि लावणाऱ्याला मदतही केलेली नाही. काही जण म्हणतात, हळूहळू, दिवसाला दोन-दोन मीटर तंबू पुढे सरकवला की पक्षी सरावतो. युरोपात जुने लोक तसं करत, संयमाने करत, आणि तरी चुकत. एरिक हॉस्किंग हा त्यांतला मोठा माणूस. १९३७मध्ये वेल्समध्ये टॉनी घुबडाच्या घरट्याजवळच्या आपल्या हाइडकडे रात्री जाताना घुबडाने नखं मारली आणि त्याचा डावा डोळा गेला. आपल्याकडे तर शनिवार-रविवारची दोन दिवसांची सुट्टी, आणि सोमवारी फोटो टाकायचा. सरावायला वेळ कुणाला आहे? शिवाय कायदा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा आणणं धरलेलं आहे. बंदूक लागत नाही, तंबू पुरतो.

धनेशाचं तर विचारूच नका. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, दोन महिन्यांहून जास्त काळ आत असते, आणि एका फटीतून नर जे देईल त्यावर ती आणि पिल्लं जगतात. नर उंबरं-वडाची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक काढून देतो. झाडाखाली माणसं दिसली की तो लांबच्या फांदीवर बसून राहतो. आतल्यांना बाहेर येऊन दुसरीकडे खाण्याची सोय नाही. फळं खाताना धनेशाचे हवे तेवढे फोटो काढा. ढोलीचा एकही नको.

त्या खंड्याने मला शिकवलं ते हे, की पक्षी हलत नाही म्हणजे तो निवांत आहे असं नव्हे. याचा सगळ्यांत जास्त फटका बेडूकमुखी या निशाचर पक्ष्याला बसतो. मोले-बोंडल्याच्या बाजूला वेताच्या जाळीत किंवा सुक्या पाचोळ्यात हे जोडपं दिवसा झोपलेलं सापडतं. गाईडला जागा माहीत असते. माणूस तीन मीटरवर आला तरी तो उडत नाही, फक्त चोच वर करून, डोळे बारीक करून, मोडक्या फांदीसारखा ताठ होतो. लोकांना वाटतं, पोज दिली. तो लपायचा त्याचा शेवटचा उपाय असतो. आणि मग ‘मध्ये एक पान येतंय’ म्हणून कोणीतरी ते पान खुडतं. दुसरा गट दुसरं पान खुडतो. आठवड्याभरात त्या जागेचा आडोसा गेलेला असतो आणि पक्षी जागा सोडतो. गाईड म्हणतो, यंदा पक्षी आलेच नाहीत. विणीच्या काळात बेडूकमुखीचं एकच अंडं असतं आणि दिवसा बहुधा नर त्यावर बसलेला असतो, हे माहीत असलं तर त्या ‘झोपलेल्या’ पक्ष्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

मग ओळखायचं कसं? मी एकच बघते: पक्षी ज्या कामाला आला होता ते त्याने केलं का. पाणी प्यायला आला, प्यायला, अंघोळ केली, पिसं नीट करत बसला, तर तुम्ही ठीक आहात. पिसं अंगाला चिकटवून सडपातळ दिसायला लागला, मान ताणली, शेपटी सारखी झटकतोय, पाण्याच्या काठाशी येऊन दोनदा परत गेला, तर बोट शटरवरून काढा. टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत तुमच्यापुढून चालली, तर अंडी जवळ आहेत, व्हिडिओ काढत बसू नका. आलात त्याच पावली मागे फिरा. भर उन्हात पाच-दहा मिनिटं ती अंड्यांवरून उठली तर अंडी तापतात.

आत कसं बसायचं, हे आता पटापट सांगते. कॅमेऱ्याचा बीप आणि फोकसला मदत करणारा तो लाल-नारिंगी दिवा बंद. मागचा स्क्रीन अंधारात चेहरा उजळवतो, तो मंद करा, आणि प्रत्येक फोटो काढून बघायची खोड असेल तर ती घरी ठेवा. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असेल तर आवाज नसलेलं शटर. नसेल तर पक्षी पाण्यात चोच घालेपर्यंत थांबा, एक फोटो घ्या, त्याने मान वर केली का बघा. नाही केली तर पुढे. सेकंदाला वीस फोटोंची पहिलीच धाड लावली की तो पहिलाच शेवटचा ठरतो. लेन्सचं तोंड फटीच्या बाहेर जास्त काढू नका आणि ती झपकन फिरवू नका. सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखी. हातांना काळे मोजे घाला असं मी सांगते तेव्हा लोक हसतात, पण फटीतून बाहेरच्या बाजूला सगळ्यांत जास्त काय चमकतं, तर हात आणि चष्मा. वेल्क्रोची पिशवी नको, चिवड्याचं प्लॅस्टिक नको. पोळीभाजी फडक्यात गुंडाळून आणा.

वासाचं विचारतात बऱ्याचदा. पक्ष्यांना तुमच्या अत्तराचं फारसं काही वाटत नाही, शेजारच्या माणसाला वाटतं. २०१५पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण निघत आले आहेत आणि डिसेंबर ते मे हाच गोचिडींचा काळ, म्हणजे नेमका हाइडचा हंगाम. तेव्हा पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, आणि किडे पळवणारं तेल बिनधास्त लावून या. पक्षी पळतील म्हणून ते न लावता बसणारे मी पाहिलेत.

उजेड हे कुळागरातलं खरं दुखणं. पोफळींच्या सावलीत कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, म्हणजे आयएसओ, ६४००वर नेली तरी शटर १/१२५ सेकंदाच्या वर जात नाही. म्हणून काही मालकांनी टाक्यावर एलईडीचे दिवे टांगलेत. मला ते मुळीच पटत नाही. सावलीतले हे पक्षी सावलीसाठीच तिथे असतात. तांदळाची पिशवी करून तिच्यावर लेन्स टेका, पक्षी स्थिर झाल्यावर १/६०लाही फोटो मिळतो. दहातले सात हलतील, तीन राहतील. तीन पुरे. फ्लॅश निशाचरांवर तर नकोच. रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून पक्षी बोलावणं हाइडमध्ये दुप्पट वाईट, कारण त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो येऊन शोधतो, ओरडतो, थकतो, आणि रोज नव्या गिऱ्हाइकांसाठी तोच खेळ.

माणसांचं सांगायचं तर, जागा पहिल्याने धरली म्हणजे त्याची, पण उत्तम फट दोन तासांनी बदलून द्यावी. पक्षी दिसला की ‘आला, आला’ म्हणू नका. शेजाऱ्याच्या गुडघ्याला हात लावा. मी ज्यांच्याबरोबर शिकले ते सत्तरी तालुक्यातले म्हातारे गाईड आत शिरताना कोंकणीत दोनच शब्द म्हणत, ‘ओगी राव’, म्हणजे गप्प राहा, आणि संध्याकाळपर्यंत तिसरा शब्द नाही. गाईडला सुरुवातीलाच सांगा की पक्षी दिसला नाही तरी बक्षिशी तीच. तुम्हाला वाटतो त्यापेक्षा याचा परिणाम मोठा आहे. पक्ष्याला उडवायला झुडपात खडा मारणारा गाईड दुष्ट नसतो; त्याचे आधीचे पाच गिऱ्हाईक उडतानाचा फोटो मिळाला नाही म्हणून तोंड पाडून गेलेले असतात.

चोडणच्या सालिम अली अभयारण्यात होडी हेच हाइड. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि तिथून खारफुटीच्या नाल्यांत. तिथला चिखल ओहोटीच्या काही तासांपुरताच उघडा पडतो आणि किनारपक्ष्यांची खाण्याची वेळ तेवढीच. त्यांना एकदा उडवलंत तर दहा मिनिटांचं जेवण गेलं. इंजिन लांबच बंद करा, तिरके जा, सरळ त्यांच्यावर चालून जाऊ नका. मोरजीच्या वाळूवर विसावलेल्या कुरव-सुरय्यांच्या थव्यात ‘उडतानाचा शॉट’ म्हणून पोराला पळवणाऱ्या बापांनाही हेच लागू. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना उत्तरेला जायचं असतं, अंगावर साठवलेली चरबी त्यासाठी आहे.

आता काकांचं कुळागर. माझं मत, करा, पण उलट्या क्रमाने. लोक आधी हाइड बांधतात, मग टाकं, मग पक्षी येईनात म्हणून मिलवर्म, म्हणजे खाऊ घालायच्या अळ्या, विकत आणतात. तुम्ही यंदा नुसतं पाणी ठेवा.

टाकं म्हणजे हौद नको. मातीची पसरट परळ किंवा उथळ खळगा, काठाशी बोटभर आणि मधे चार बोटं पाणी, पुरे. तळ खरखरीत, एखादा सपाट दगड बुडवलेला. वरून थेंब पडायची सोय केलीत तर उत्तम, पाटाच्या पाण्याची बारीक नळी काढून. थेंबांच्या आवाजाने पक्षी लवकर जमतात. पाणी रोज बदलायचं, दर दोन-तीन दिवसांनी काथ्याने घासायचं. साबण नको. एकाच ताटात पन्नास जणांचं पिणं, अंघोळ आणि विष्ठा म्हटल्यावर रोग पसरतो, आणि न बदललेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात ते वेगळंच. सुपारीला कीटकनाशक किंवा बोर्डो मिश्रण मारत असाल तर त्या दिवशी टाकं पालथं घालून ठेवा.

सुरुवात डिसेंबरात करा, आणि एकदा केलीत की पाऊस लागेपर्यंत थांबायचं नाही. हा माझा सगळ्यांत मोठा आग्रह. मी बंद करायला लावलं ते हाइड याच कारणाने. मालकाने जानेवारीपासून चार महिने पाणी ठेवलं, पैसे मिळवले, आणि एप्रिलच्या शेवटी गिऱ्हाईक थांबल्यावर नळी काढून घेतली. मे महिना, ओढा आटलेला, आणि चार महिने सवय लागलेले पक्षी कोरड्या परळीत येऊन बघून जात होते. पाहुणे नसतानाही रोज सकाळी पाणी घालणारा माणूस घरात असेल तरच यात पडा.

खाणं ठेवू नका. पपई सडली तर ती तिथेच राहू द्या, एवढं ठीक. काचेच्या टाकीत जिवंत मासे सोडून खंड्या बोलावणं, वाळवीचं वारूळ फोडून आणून ठेवणं, हे सगळं मी पाहिलंय. फोटो स्पर्धांचे परीक्षक हल्ली ते ओळखतातही.

पक्षी नियमित यायला लागले, कुठल्या वाटेने येतात, कुठे बसून आधी अंदाज घेतात, हे वर्षभर बघितलंत की पुढच्या नोव्हेंबरात, ते कमी असताना, हाइड बांधा. पाण्यापासून पाच-सहा मीटर. तुमच्या लेन्सला त्याहून जवळचं लागतच नाही. तोंड असं की पक्ष्यांची यायची वाट आणि माणसांची यायची वाट एकमेकींना छेदणार नाहीत. चार माणसं, जास्त नाही. आठवड्यातले दोन दिवस बंद. आणि टाक्यापासून दोन-तीन मीटरवर दाट झुडूप हवं, शिक्रा आला तर शिरायला. पण त्याहून जवळ नको, कारण त्याच झुडपात मांजर दबा धरून बसतं.

कुळागरात मांजर आहे का, ते मात्र टाकं मांडायच्या आधी मला कळवा.